विश्लेषण : विषाणू पेशीची ‘भूक’ कशी वाढवतात? साखर बंद केली तर कर्करोग उपाशी मरतो का?

पेट स्कॅनसाठी नाव नोंदवले की केंद्रावरून सूचना मिळतात : चार ते सहा तास काही खाऊ नका, साधे पाणी चालेल, मधुमेह असेल तर आधी सांगा. तिथे पोहोचल्यावर बोट टोचून रक्तातील साखर तपासतात, शिरेतून एक इंजेक्शन देतात आणि तासभर शांत पडून राहायला सांगतात. त्या इंजेक्शनमध्ये असते एक प्रकारची साखरच, फक्त तिला फ्लोरिनचा किरणोत्सारी अणू जोडलेला असतो. ज्या पेशी जास्त साखर ओढतात, त्या यंत्राच्या पडद्यावर उजळून दिसतात. अनेक कर्करोगांच्या गाठी अशाच सापडतात.

याच तपासणीचा हवाला देत एक मजकूर व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे फिरतो : ‘कर्करोग साखरेवर जगतो. साखर बंद करा, गाठ उपाशी मरेल.’ या मजकुराचा पहिला भाग विज्ञानाच्या जवळ जाणारा आहे आणि दुसरा भाग रुग्णाचे नुकसान करू शकणारा. या दोन्हींच्या मध्ये नेमके काय घडते, हे समजून घ्यायचे असेल तर सर्वांत चांगले उदाहरण आहे विषाणूंमुळे होणाऱ्या कर्करोगांचे. कारण तिथे पेशीची भूक कोणी वाढवली, कशी वाढवली आणि कशासाठी, हे बऱ्याच तपशिलाने समजले आहे.

कोणत्या विषाणूंमुळे कर्करोग होतो?

कर्करोग हा संसर्गजन्य आजार नाही. रुग्णाशेजारी बसल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने तो होत नाही. मात्र काही संसर्ग वर्षानुवर्षे शरीरात टिकून राहिले, तर त्यातून कर्करोग उद्भवू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार, २०१८ मध्ये जगभरात निदान झालेल्या नव्या कर्करोगांपैकी सुमारे १३ टक्के, म्हणजे जवळपास २२ लाख, संसर्गामुळे झालेले होते. त्यातला मोठा वाटा पोटातील ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ या जिवाणूचा आहे. त्याखालोखाल क्रम लागतो तो ह्युमन पॅपिलोमा व्हायरस अर्थात एचपीव्ही (सुमारे ६.९ लाख), हिपॅटायटिस बी (३.६ लाख) आणि हिपॅटायटिस सी (१.६ लाख) या विषाणूंचा. याशिवाय एपस्टीन-बार विषाणू, कापोसी सार्कोमाचा विषाणू, एचटीएलव्ही-१ आणि मर्केल सेल पॉलिओमा विषाणू हेही या यादीत आहेत.

विषाणूमुळे गाठ होऊ शकते, हे पहिल्यांदा ठोसपणे दाखवले ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील पेटन राउस यांनी. १९११ मध्ये त्यांनी कोंबडीच्या गाठीचा अर्क इतक्या बारीक गाळणीतून गाळला, की त्यात एकही पेशी उरणार नाही. तो अर्क टोचल्यावर निरोगी कोंबडीलाही गाठ झाली. या शोधाला नोबेल मिळाले १९६६ मध्ये, तब्बल ५५ वर्षांनी. एचपीव्हीचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी असलेला संबंध जर्मनीच्या हाराल्ड झुर हाउझेन यांनी १९८० च्या दशकात उलगडला. त्यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले.

विषाणूला आपल्या पेशीच्या चयापचयात ढवळाढवळ करण्याची गरजच काय?

विषाणूकडे स्वतःचे असे फारसे काही नसते. एचपीव्हीचेच पाहा. त्याची सगळी जनुकीय माहिती सुमारे आठ हजार अक्षरांत मावते. माणसाची तीनशे कोटींहून अधिक अक्षरांची असते. एवढ्याशा माहितीत ऊर्जा तयार करण्याची, साखर पचवण्याची, चरबी बनवण्याची सोय नाही. स्वतःच्या डीएनएची नक्कल करणारे यंत्रही एचपीव्हीकडे नाही. ते पेशीचे वापरावे लागते.

अडचण अशी, की एचपीव्ही ज्या त्वचेत आणि अस्तरात राहतो, तिथल्या पेशी वरच्या थरांकडे सरकतात तसे विभाजन थांबवतात. विभाजन थांबले की डीएनएच्या नकलेची यंत्रणा बंद आणि त्यासाठी लागणारा कच्चा मालही बंद. रात्रपाळी संपलेल्या कारखान्यात शिरावे, तसे विषाणूचे होते. यंत्रे आहेत, पण वीज बंद, कामगार घरी आणि गोदामाला कुलूप. आपल्या हजारो प्रती काढायच्या तर त्याला कारखाना पुन्हा सुरू करावा लागतो. डीएनएची अक्षरे बनवण्यासाठी साखर आणि नायट्रोजन, आवरणासाठी प्रथिने, काही विषाणूंना वेष्टनासाठी चरबी आणि या सगळ्यासाठी ऊर्जा, असा पुरवठा चालू करावा लागतो. पेशीच्या चयापचयातील बदल इथून सुरू होतात.

साखर आणि कर्करोगाचा संबंध पहिल्यांदा कोणी पाहिला?

१९२० च्या दशकात बर्लिनमधील शास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग यांनी गाठींच्या पातळ कापांवर प्रयोग केले. त्यांना दिसले, की या पेशी निरोगी पेशींच्या तुलनेत भरमसाट ग्लुकोज वापरतात. पण आश्चर्य पुढे होते. ऑक्सिजन मुबलक असतानाही त्या ग्लुकोज पूर्ण जाळत नाहीत. अर्धवट मोडतात आणि उरलेल्याचे लॅक्टिक आम्ल करून बाहेर टाकतात.

आपले स्नायूही जोरात धावताना असे करतात, कारण तेव्हा ऑक्सिजन अपुरा पडतो. इथे तसे काही कारण नव्हते. या वागण्याला पुढे ‘वॉरबर्ग परिणाम’ असे नाव पडले. वॉरबर्ग यांना १९३१ मध्ये पेशींच्या श्वसनावरील संशोधनासाठी नोबेल मिळाले.

वॉरबर्ग यांचे निरीक्षण बरोबर होते, पण त्यांनी काढलेला निष्कर्ष टिकला नाही. पेशीतील श्वसनाची यंत्रणा, म्हणजे मायटोकाँड्रिया, बिघडल्यामुळेच कर्करोग होतो, असे ते मानत. पुढे असे आढळले, की बहुतेक कर्करोगी पेशींतील मायटोकाँड्रिया चालू असतात. म्हणजे पेशी नाइलाजाने नव्हे, तर भट्टी चालू असतानाही साखर अर्धवट मोडते.

पेट स्कॅन याच सवयीवर आधारलेले आहे. इंजेक्शनमधील साखर ग्लुकोजसारखीच दिसते, म्हणून पेशी तिला आत घेते. त्यावर पहिली प्रक्रियाही करते. पण पुढची पायरी तिच्या रचनेमुळे अडते आणि ती पेशीत अडकून पडते. मेंदूही ग्लुकोजवर चालतो, त्यामुळे स्कॅनमध्ये तोही उजळतो. मूत्राशय उजळते, कारण उरलेली साखर लघवीवाटे जाते. त्यामुळे उजळलेला प्रत्येक भाग म्हणजे कर्करोग नव्हे.

मग ही उधळपट्टी कशासाठी?

अभियांत्रिकी शिकलेल्या कोणालाही पुढचा हिशेब खटकेल. ग्लुकोजचा एक रेणू पूर्ण जाळला, तर पेशीला ‘एटीपी’ या ऊर्जेच्या चलनाचे साधारण ३० ते ३२ रेणू मिळतात. अर्धवट मोडला, तर अवघे दोन. कार्यक्षमता एवढी घसरणारे यंत्र कोणी कशाला वापरेल?

उत्तर असे, की इथे ऊर्जा हे एकमेव उद्दिष्ट नाही. घरात लाकडाचा भारा आला आणि फक्त स्वयंपाक करायचा असेल, तर तो सगळा चुलीत घालावा. पण शेजारी आणखी एक खोली उभी करायची असेल, तर त्याच लाकडातून वासे आणि तुळया काढाव्या लागतात. सगळे जाळले तर शेवटी राख आणि धूर. पेशीतही तसेच होते. ग्लुकोज पूर्ण जाळले, की त्यातील कार्बन हा कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे निघून जातो. विभाजनाच्या तयारीतील पेशीला मात्र तो कार्बन हवा असतो. त्यापासून डीएनएची अक्षरे, प्रथिनांसाठी अमिनो आम्ले आणि पेशीपटलासाठी चरबी घडवायची असते. जाळण्याची प्रक्रिया मध्येच थांबवली, तर मधल्या टप्प्यांवरील माल या कामांकडे वळवता येतो. ऊर्जेची तूट भरून काढण्यासाठी पेशी साखरच अधिक ओढते. शिवाय अर्धवट मोडण्याची प्रक्रिया वेगवानही असते.

कर्करोगी पेशीला हे हवे असते आणि विषाणूलाही हेच हवे असते. दोघांच्या गरजा एका जागी येऊन मिळतात. कर्करोगकारक विषाणूंचा धोका समजून घेण्याची किल्ली इथे आहे.

एचपीव्ही नेमके काय बदलतो?

एचपीव्हीचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत आणि त्यातील बहुतेक निरुपद्रवी आहेत. मात्र १६ आणि १८ क्रमांकाचे दोन प्रकार जगभरातील गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांना कारणीभूत ठरतात. त्यांची दोन प्रथिने सारा कारभार बदलतात. त्यांची नावे ई-६ आणि ई-७.

ई-७ हे प्रथिन पेशीतील ‘आरबी’ या पहारेकऱ्याला धरून बाजूला करते. आरबीचे काम विभाजनाची परवानगी रोखून धरण्याचे. तो बाजूला झाला, की डीएनएची अक्षरे बनवणारी आणि जोडणारी विकरे तयार होऊ लागतात. बंद कारखान्याची वीज सुरू होते.

ई-७ चे दुसरे काम अधिक थेट आहे. ग्लुकोज मोडण्याच्या शेवटच्या पायरीवर ‘पीकेएम-२’ नावाचे विकर असते. त्याचे चार भाग एकत्र असले की ते जोमाने काम करते. दोन-दोनच्या जोड्या झाल्या की मंदावते. ई-७ या विकराला चिकटते आणि त्याच्या जोड्या पाडते, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. कालव्याचे टोकाचे दार अर्धे लावले, की पाणी मागे तुंबते आणि बाजूच्या चाऱ्यांमध्ये शिरते. इथेही शेवटची पायरी मंदावली की मधला माल साचतो आणि बाजूच्या वाटांनी वळतो. त्यातील एक वाट डीएनएच्या अक्षरांसाठी लागणाऱ्या रायबोज या साखरेकडे जाते.

आता ई-६. पेशीच्या डीएनएमध्ये बिघाड झाला, की विभाजन थांबवणारे किंवा पेशीला आत्मनाश करायला लावणारे ‘पी-५३’ हे प्रथिन असते. ई-६ पेशीच्याच कचरा विल्हेवाट यंत्रणेला हाताशी धरून पी-५३ नष्ट करवते. पी-५३ चे एक कमी परिचित कामही आहे. ते ग्लुकोज आत घेणाऱ्या दारांवर लगाम ठेवते आणि मायटोकाँड्रियातील श्वसनाला हातभार लावते. ते गेले, की विभाजनावरील अंकुश जातो आणि साखरेच्या वापरावरचाही.

याच्या जोडीला, ऑक्सिजन कमी पडल्यावर जागा होणारा ‘एचआयएफ-१’ हा इशारा ई-६ आणि ई-७ मुळे बळावतो, असे प्रयोगशाळेतील पेशींवर दिसले आहे. त्यामुळे पेशीपटलावर ग्लुकोज आत घेणारी दारे वाढतात आणि साखर मोडणारी विकरेही वाढतात.

म्हणजे कर्करोग घडवणे हा विषाणूचा ‘डाव’ असतो का?

नाही. कर्करोग हा विषाणूच्या दृष्टीनेही अपघातच आहे. एचपीव्हीचा संसर्ग अतिशय सर्वसामान्य आहे. लैंगिकदृष्ट्या सक्रिय असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो होतो आणि बहुतेकांच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. म्हणून एचपीव्ही चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणजे कर्करोग झाला, असे समजू नये आणि त्यावरून कोणाच्या चारित्र्यावर बोट ठेवणे तर पूर्णपणे चूक आहे.

काही जणींमध्ये मात्र संसर्ग टिकून राहतो. त्यातही कधी कधी विषाणूचा डीएनए तुटून पेशीच्या डीएनएमध्ये घुसतो. तुटताना अनेकदा ई-६ आणि ई-७ ला आवर घालणारा विषाणूचा स्वतःचाच भाग निकामी होतो. मग ही दोन प्रथिने बेलगाम तयार होत राहतात. अशा पेशीतून नवे विषाणू बाहेर पडत नाहीत, म्हणजे विषाणूचा वंश तिथे खुंटतो. पण सुरू केलेला कारखाना बंद करायला कोणी उरत नाही. पहारेकरी नसल्याने डीएनएतील चुका साचत जातात आणि १५ ते २० वर्षांत त्याचा कर्करोग होऊ शकतो. तंबाखूचे व्यसन किंवा एचआयव्हीमुळे खालावलेली प्रतिकारशक्ती असेल, तर हा धोका वाढतो.

हा कारखाना विषाणूवर किती अवलंबून असतो, याचा पुरावा एका प्रसिद्ध पेशीसमूहातून मिळाला. १९५१ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या महिलेच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, तिच्या संमतीविना, पेशी घेण्यात आल्या. त्याच वर्षी तिचा मृत्यू झाला. ‘हिला’ या नावाने त्या पेशी आजही जगभरातील प्रयोगशाळांत वाढत आहेत. त्यांच्यात एचपीव्ही-१८ आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात या पेशींतील ई-६ आणि ई-७ दाबून टाकण्यात आले. जवळपास अर्धशतक अविरत वाढलेल्या पेशींचे विभाजन थांबले. आरबी आणि पी-५३ हे दोन्ही पहारेकरी नष्ट झालेले नव्हते, फक्त दाबलेले होते.

सगळे विषाणू हीच वाट धरतात का?

गरज सारखी असली तरी वाटा वेगळ्या आहेत. एपस्टीन-बार विषाणू जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात असतो आणि बहुतेकांना आयुष्यभर त्रास देत नाही. मात्र काहींमध्ये तो लसिका ग्रंथींचे आणि नाकामागील पोकळीचे कर्करोग घडवतो. आपल्या देशात नागालँडमध्ये या दुसऱ्या प्रकाराचे प्रमाण लक्षणीय आहे. हा विषाणू रक्तातील ‘बी’ पेशींत शिरला, की पहिल्या काही दिवसांतच त्यांच्या मायटोकाँड्रियाची मांडणी बदलतो आणि फॉलिक आम्लावर आधारित एक उत्पादन साखळी जोरात सुरू करतो, असे बोस्टनमधील संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले. म्हणजे इथे मायटोकाँड्रिया बंद पडत नाहीत, उलट त्यांना जादा कामाला जुंपले जाते.

हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृताच्या पेशीत शिरतो तोच मुळी पित्ताम्ले आत घेणाऱ्या दारातून. त्याची जनुके चालू-बंद करणारी बटणेही यकृताच्या चयापचयाचीच आहेत. उपाशीपोटी यकृत साखर तयार करू लागते, तेव्हा जागी होणारी प्रथिने या विषाणूलाही जागे करतात. म्हणूनच काही संशोधकांनी त्याला ‘मेटाबोलोव्हायरस’ असे नाव दिले. हिपॅटायटिस सीची भिस्त चरबीवर असते. त्याच्या नव्या प्रती चरबीच्या थेंबांच्या काठावर जुळवल्या जातात आणि यकृतातून बाहेर पडणाऱ्या चरबीच्या कणांसोबतच रक्तात उतरतात. या रुग्णांमध्ये यकृतात चरबी साचणे आणि इन्सुलिनला दाद न मिळणे यामागे हेही एक कारण असते.

कापोसी सार्कोमाचा विषाणू तर सरळ नियमाला चकवा देतो. सिएटलमधील संशोधकांना २०१० मध्ये रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील बाधित पेशींत वॉरबर्ग परिणाम दिसला. साखर मोडण्याची वाट रोखली, तर या बाधित पेशी मरत होत्या. मात्र २०१६ मध्ये वेगळ्या प्रकारच्या पेशींवर काम करणाऱ्या दुसऱ्या गटाला उलट आढळले. तिथे हा विषाणू साखरेचा वापर कमी करून पेशीला टंचाईत तगून राहायला मदत करत होता. बाजारात माल मुबलक असेल तर उचल करायची आणि टंचाई असेल तर काटकसर, असा हा व्यवहार आहे. ‘कर्करोग म्हणजे साखर’ हे समीकरण अपुरे पडते, ते यामुळे.

मग साखर बंद केली तर गाठ उपाशी मरेल का?

नाही. कारण रक्तातील ग्लुकोज ताटातील साखरेवर अवलंबून नसते. आपण गोड सोडले, भात-पोळी सोडली, अगदी उपवास केला, तरी यकृत साठ्यातून आणि नंतर स्नायूंमधील प्रथिने मोडून ग्लुकोज तयार करते; कारण मेंदूला आणि तांबड्या पेशींना ते लागते. त्या ग्लुकोजवर गाठीचाही हक्क तितकाच. शिवाय साखर कमी पडली, तर अनेक कर्करोगी पेशी ग्लुटामाइन हे अमिनो आम्ल किंवा चरबी वापरू लागतात.

अशा आहारात उपाशी राहतो तो रुग्ण. केमोथेरपी आणि रेडिएशनच्या काळात भूक मंदावते, तोंड येते, वजन उतरते. वजन फार घटले, तर उपचार सोसण्याची ताकद कमी होते आणि कधी कधी ते मध्येच थांबवावे लागतात. म्हणून या काळात पुरेशा उष्मांकाचा आणि प्रथिनांचा आहार घ्या, असे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ सांगतात. कर्बोदके अत्यल्प असलेल्या आहारावर वैद्यकीय चाचण्या सुरू आहेत, पण तो कर्करोगाचा सिद्ध उपचार नाही.

याचा अर्थ गोडाला मोकळीक, असाही नाही. सतत जादा साखर खाण्याने लठ्ठपणा वाढतो आणि लठ्ठपणामुळे अनेक कर्करोगांचा धोका वाढतो. पण तो निरोगी माणसाने पाळायचा पथ्याचा भाग झाला. झालेल्या गाठीवरचा इलाज नव्हे. आणि मधुमेही रुग्णाने साखर नियंत्रणात ठेवायलाच हवी.

औषधांनी ही भूक मारता येते का?

ही कल्पना नवी नाही. १९४८ मध्ये अमेरिकेत सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांना फॉलिक आम्लाची वाट अडवणारे औषध दिले आणि काही मुलांचा आजार काही काळ मागे हटला. ते औषध उपलब्ध करून देणाऱ्या चमूचे नेतृत्व आंध्र प्रदेशात जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. ॲस्परॅजिनेज हे औषध रक्तातील एक अमिनो आम्लच संपवते आणि त्यावर विसंबलेल्या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी मरतात. म्हणजे पेशीची एखादी नेमकी गरज अचूक हेरली, तर हा मार्ग चालतो.

ग्लुकोज अडवणे मात्र अवघड ठरले आहे. ‘टू-डीजी’ हे औषध अनेकांना करोनाकाळातून आठवत असेल. डीआरडीओच्या प्रयोगशाळेने विकसित केलेल्या या औषधाला मे २०२१ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली होती. ते ग्लुकोजची नक्कल करून साखर मोडण्याची वाट अडवते. डीआरडीओच्या दिल्लीतील प्रयोगशाळेत त्यापूर्वी कित्येक वर्षे त्याचा अभ्यास चालू होता तो मेंदूच्या गाठींवर रेडिएशनसोबत देण्यासाठी. मात्र करोनावरील पुरावा अपुरा असल्याची टीका तेव्हा तज्ज्ञांनी केली होती आणि कर्करोगातही ते नेहमीचे औषध होऊ शकलेले नाही. मूळ अडचण तीच, की मेंदूलाही ग्लुकोज लागते.

मग खात्रीचा उपाय कोणता?

विषाणूजन्य कर्करोगांत एक सोय आहे, जी इतर बहुतेक कर्करोगांत नाही. कारखाना सुरू करणारा कोण, हे ठाऊक आहे. त्याला दारातच अडवता येते.

तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना हिपॅटायटिस बीची लस द्यायला सुरुवात केली. पुढे ६ ते १४ वर्षांच्या मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. भारतात २०११ पासून ही लस देशभरातील नियमित लसीकरणात आहे आणि पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे ३ कोटी लोकांना हिपॅटायटिस बीचा दीर्घकालीन संसर्ग होता. त्यामुळे तो पहिला डोस चुकवू नये. हिपॅटायटिस सीवर लस नाही, पण आठ ते बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात.

एचपीव्हीबाबत स्वीडनमधील २०२० च्या अभ्यासात वयाच्या १७ व्या वर्षाआधी लस घेतलेल्या मुलींमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका ८८ टक्क्यांनी कमी आढळला. लस संसर्गापूर्वी घेतली तरच पुरेपूर उपयोगी पडते, म्हणून ९ ते १४ हे वय महत्त्वाचे मानतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या देशी लशीला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वयोगटातील मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याची घोषणा झाली होती.

ज्या महिलांचे लशीचे वय उलटून गेले, त्यांच्यासाठी तपासणी आहे आणि तिची ताकद महाराष्ट्रातच सिद्ध झाली. तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील गावांत १९९९ पासून ३० ते ५९ वयोगटातील सुमारे १ लाख ३१ हजार महिलांचा अभ्यास झाला. मुंबईचे टाटा मेमोरियल आणि बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय त्यात सहभागी होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, फक्त एकदा एचपीव्ही चाचणी आणि त्यानंतर गरजेनुसार उपचार मिळालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. हा पुरावा पुढे जगभरातील तपासणी धोरणांना आधार ठरला.

आणि आपल्याकडे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, ३० ते ४९ वयोगटातील दोन टक्क्यांहूनही कमी महिलांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कधी तपासणी झाली होती. २०२२ च्या जागतिक आकडेवारीनुसार, देशात वर्षाला सव्वा लाखाहून अधिक महिलांना हा कर्करोग होतो आणि सुमारे ८० हजार जणींचा मृत्यू होतो.

पेट स्कॅनवर गाठ उजळते, तेव्हा विषाणूने कारखान्याची वीज सुरू करून बहुधा १५-२० वर्षे झालेली असतात. चहात साखर किती घालायची, हा प्रश्न त्या टप्प्यावर फारसा उरत नाही. तीस वर्षांच्या पुढच्या बाईने आपली एक तपासणी करून घेणे, मुलीच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारणे आणि बाळाच्या जन्मानंतर २४ तासांतला डोस चुकू न देणे, हे मात्र आज करता येण्यासारखे आहे. पुढच्या वेळी साखरेचा तो मजकूर घरच्या ग्रुपवर आला, तर त्याखाली एवढे लिहिले तरी पुरे.